कंबर, कोयता आणि गोळी

जून २०१९ मध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत एक आकडा सांगितला. बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशयं काढली गेली होती. पुढे विधान परिषदेच्या सदस्य नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळपास सतरा जणी. देशात १५ ते ४९ या वयातल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. यावर भरपूर बोललं गेलं, आणि बोलायलाच हवं होतं. डॉक्टरांचा लोभ, मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल, पाळीच्या दिवसांतला खाडा आणि त्याचा दंड, उघड्या रानात कोपीत राहताना साध्या आडोशाचीही मारामार, हे सगळं चव्हाट्यावर आलं. या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र मागे पडला. या बाया डॉक्टरकडे गेल्या तेव्हा तक्रार कोणती घेऊन गेल्या होत्या? कंबर दुखते, ओटीपोटात कळा येतात, अंगावरून पांढरं जातं, हातापायांत त्राण राहत नाही. यामागे कॅन्सर क्वचितच असतो. बहुतेकींना होतं ते वर्षानुवर्षं न थांबणारं दुखणं. कुणीतरी त्या दुखण्याला शरीरातली एक जागा नेमून दिली आणि ती जागा कापून टाकली. पुढच्या हंगामात बाई पुन्हा डोक्यावर मोळी घेऊन उभी राहिली. ज्यांची अंडाशयंही काढली गेली त्यांची पाळी अकाली थांबते, हाडं ठिसूळ होतात आणि सांध्यांच्या दुखण्याची नवी भर पडते.

अमेरिकेत अशाच जुनाट दुखण्याला गोळी मिळाली. १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन हे अफूवर्गीय वेदनाशामक बाजारात आलं. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात वापरायचं औषध कंबरदुखी आणि गुडघेदुखीलाही खुशाल द्या, सवय लागण्याचा धोका फार थोडा आहे, असं डॉक्टरांच्या गळी उतरवण्यात आलं. २०१२ साली तिथल्या डॉक्टरांनी अशा औषधांच्या २५ कोटींहून जास्त चिठ्ठ्या लिहिल्या. चिठ्ठ्या आवळल्यावर अनेक जण हेरॉईनकडे आणि पुढे बेकायदा फेंटानिलकडे वळले. २०२१ या एका वर्षात अफूवर्गीय द्रव्यांमुळे तिथे ८० हजारांवर माणसं मेली. एवढं होऊन कंबर तरी बरी झाली का? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कंबर, गुडघा किंवा खुबा सतत दुखणाऱ्या २४० रुग्णांना वर्षभर तपासलं गेलं. निम्म्यांना अफूवर्गीय औषधं दिली, निम्म्यांना पॅरासिटामॉलसारखी साधी. वर्षअखेर दोन्ही गटांची कामं करण्याची क्षमता सारखीच होती, आणि दुखणं साध्या औषधांच्या गटात किंचित कमी होतं. बीडची सुरी आणि अमेरिकेची गोळी यांच्यामागे मला एकच समजूत दिसते. दुखणं एका जागी बसलेलं असतं, आणि एका घावात ते संपवता येतं किंवा गप्प करता येतं, ही ती समजूत. जुनाट दुखण्याच्या बाबतीत ती बहुतेकदा चूक ठरते, कारण हे दुखणं मज्जारज्जू आणि मेंदूही चालू ठेवत असतात. म्हणूनच मनाच्या अंगाने होणारे उपचार ही शहरातल्या सुखवस्तू लोकांची चैन नाही. त्यांची गरज बीडमधल्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांत जास्त आहे.

जुनाट दुखणं आणि ताजं दुखणं यांत नुसता मुदतीचा फरक नसतो. कोयता पायाला लागला की दुखतं, जखम भरली की थांबतं. हे दुखणं राखणदाराचं काम करतं. तीन महिन्यांहून जास्त रेंगाळलेल्या दुखण्यात पुष्कळदा जखम भरून गेलेली असते किंवा फार किरकोळ उरलेली असते, पण मज्जारज्जू आणि मेंदू यांची संवेदनक्षमता वाढलेली राहते. कारखान्याचा भोंगा पाळी संपल्यावरही वाजतच राहावा, तसं काहीसं घडतं. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी मांडलं की वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत जसाच्या तसा पोचत नाही. वाटेत मज्जारज्जूमध्ये तो कमी-जास्त केला जातो, आणि त्यात वरून, मेंदूकडून येणाऱ्या सूचनांचाही हात असतो. भीती, अपुरी झोप, कर्जाचा घोर, खिन्नता यांनी संदेश तीव्र होतो. निर्धास्तपणा, हालचाल, चांगली झोप यांनी मंदावतो. आता आपल्याकडच्या दवाखान्यात काय होतं ते पाहा. एमआरआय निघतो आणि सांगितलं जातं, मणक्यात गॅप पडलाय, गादी सरकलीय, नस दबलीय, आता वजन उचलायचं नाही. २०१५ साली जुन्या अभ्यासांची एक मोठी पडताळणी प्रसिद्ध झाली. ज्यांची कंबर मुळीच दुखत नव्हती अशा तीन हजारांवर माणसांच्या मणक्यांचे फोटो तिच्यात तपासले होते. गादी झिजल्याच्या खुणा विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांमध्ये दिसल्या. म्हणजे केसांत पांढरं दिसावं इतकी ती साधी गोष्ट. पण ‘गॅप’ ऐकून घरी गेलेली बाई वाकायला घाबरते, पाठ ताठ धरून वावरते, स्नायू आखडतात, दुखणं वाढतं, आणि गॅप वाढला असं ती धरून चालते.

मानसोपचार हात घालतो तो या साखळीला. अमेरिकेतल्या सिएटलचे मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाईस यांनी गेल्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत एक गोष्ट हेरली. रुग्ण दुखेपर्यंत काम करतो आणि दुखलं की आडवा होतो, त्यामुळे विश्रांती हे दुखण्याचं बक्षीस होऊन बसतं. त्यांनी काम आणि विश्रांती दोन्ही घड्याळाला बांधली. हे आपल्या घरात आणून पाहू. बरं वाटतं त्या दिवशी बाई शेणघाण, दळण, धुणं, सारवण सगळं एका दमात उरकून घेते आणि पुढचे तीन दिवस अंथरुणाला खिळते. उपचारक तिला सांगतो, दुखो न दुखो, वीस मिनिटं काम आणि मग पाच मिनिटं थांबायचं. पुढच्या आठवड्यात पंचवीस मिनिटं. बरं वाटतंय म्हणून जास्त करायचं नाही, दुखतंय म्हणून सोडायचं नाही. जोडीला ‘वाकले तर मणका तुटेल’ ही भीती प्रत्यक्ष वाकून, पायरीपायरीने तपासायला शिकवतात. झोपेची वेळ बसवतात, श्वासावर लक्ष ठेवून स्नायू सैल सोडायला लावतात, घरच्यांशी बोलतात. कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे सीबीटी, ती साधारण हीच. दुसरी शाखा माइंडफुलनेसची. तिच्यात दुखण्याची जाणीव आणि त्याभोवतीचा घोर वेगवेगळे पाहायला शिकवतात. काही वाचकांना इथे इगतपुरीचं विपश्यना केंद्र आठवेल. नातं जवळचं आहेच, पण दहा दिवसांचं मौन कंबरदुखीचा उपचार म्हणून आखलेलं नाही, आणि दुखरी कंबर घेऊन तासन्‌तास मांडी घालून बसण्याचा सल्ला मी तरी कुणाला देणार नाही.

पुरावा किती? फार फुगवून सांगण्याजोगा नाही, आणि दुर्लक्ष करावं इतका थोडाही नाही. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने ७५ चाचण्या आणि ९,४०१ रुग्णांचा हिशेब मांडला. सीबीटीने दुखणं, अपंगत्व आणि मनाचा त्रास तिन्ही कमी होतात, पण थोडे, असा त्याचा निष्कर्ष होता. कंबरदुखीच्या ३४२ अमेरिकी रुग्णांच्या २०१६ मधल्या अभ्यासात सहा महिन्यांनी ज्यांच्या हालचालीत जाणवण्याइतकी सुधारणा झाली त्यांचं प्रमाण माइंडफुलनेस गटात ६०.५ टक्के, सीबीटी गटात ५७.७ टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात ४४.१ टक्के होतं. कोलोरॅडोत १५१ जणांवर झालेल्या एका प्रयोगात तर ‘हे दुखणं म्हणजे इजेची खूण नाही’ हे पटवून देणाऱ्या महिनाभराच्या उपचारानंतर ६६ टक्के लोक दुखण्यातून पूर्ण किंवा जवळपास मुक्त झाले. नुसत्या खोट्या इंजेक्शनच्या गटात हे प्रमाण २० टक्के होतं. मात्र ती बहुतेक शिकलेली, मध्यमवर्गीय, सौम्य-मध्यम दुखण्याची माणसं होती, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा केजला किंवा गेवराईला लावता येत नाही. गोळ्यांच्या बाजूने पाहिलं तर एरिक गारलँड यांची २०२२ मधली चाचणी महत्त्वाची आहे. जुनाट दुखण्यासाठी अफूवर्गीय औषधं घेणारे आणि त्यांचा गैरवापर करू लागलेले २५० रुग्ण तिच्यात होते. आठ आठवडे गटात बसून माइंडफुलनेस शिकलेल्यांपैकी ४५ टक्क्यांचा गैरवापर नऊ महिन्यांनी थांबला होता. नुसत्या आधारगटात हे प्रमाण २४ टक्के होतं. ‘परिणाम थोडाच’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी तो कशाशी ताडायचा हे आधी ठरवावं. जुनाट कंबरदुखीत अफूवर्गीय गोळ्यांचा परिणामही थोडाच असतो, आणि मानसोपचाराने कुणाचा श्वास थांबत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: म्हणजे दुखणं मनाचं आहे, बाई सोंग करतेय, असंच ना? हा आक्षेप रास्त आहे, कारण आपल्या दवाखान्यांत ‘टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य रुग्णाला कटवण्यासाठीच वापरलं जातं. पण मेंदूच्या वाटेने होणारा उपचार म्हणजे दुखणं खोटं असल्याचा दाखला नव्हे. लकव्यानंतर हाताचा व्यायाम करून घेतात तेव्हा मेंदूलाच वळण लावत असतात, आणि लकवा खोटा असं कुणी म्हणत नाही. उलट, मनाकडे न पाहण्याची किंमत किती मोठी असते हे आपल्याच शेजारी दिसलेलं आहे. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळपास अडीच हजार स्त्रियांची पाहणी करून २००५ साली दाखवलं की अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध जननमार्गाच्या संसर्गापेक्षा खिन्नता, चिंता आणि सासर-संसारातल्या जाचाशी अधिक घट्ट होता. हीच तक्रार बीडमध्ये पिशवी काढण्याचं निमित्त ठरत आली. संसर्ग तपासायलाच हवा, गाठी तपासायलाच हव्यात, कॅन्सरची शंका असेल तर एक दिवसही दवडू नये. पण त्या सगळ्या तपासण्या नीट निघाल्या आणि तरी बाई दुखतंय म्हणत असेल, तर पुढचा प्रश्न तिच्या झोपेचा, कर्जाचा आणि नवऱ्याच्या दारूचा असायला हवा. तो विचारायला पाच मिनिटं लागतात. पाच मिनिटांचे पैसे मिळत नाहीत, शस्त्रक्रियेचे मिळतात, ही खरी अडचण.

दुसरा आक्षेप असा की अफूवर्गीय गोळ्यांचा प्रश्न अमेरिकेचा. इथे तो उगाच आणू नका. यात अर्धं सत्य आहे. वेदनाशामक अफूवर्गीय औषधांचा तुटवडा हे भारताचं जुनं दुखणं आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०१७ मधल्या आयोगाने हिशेब केला तेव्हा आपल्याकडच्या गरजू रुग्णांना मॉर्फिनसारखी औषधं गरजेच्या जेमतेम चार टक्के मिळत होती. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने बहुतेक रुग्णालयं मॉर्फिन ठेवतच नव्हती. २०१४ च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी केली. खेड्यातल्या कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन मिळालंच पाहिजे, आणि मानसोपचाराच्या नावाखाली त्याची गोळी अडवणं हा गुन्हा होईल. पण उरलेलं अर्धं सत्यही पाहावं. एम्सच्या व्यसनोपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ साली जाहीर झालेल्या देशव्यापी पाहणीत औषधाच्या रूपातली अफूवर्गीय द्रव्यं वापरणारे लोक सुमारे एक टक्का निघाले. ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८ पर्यंत अमली पदार्थ कायद्याच्या कक्षेबाहेर होतं. ते कक्षेत आल्यावर टॅपेंटाडॉलचा वापर वाढला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका कंपनीच्या टॅपेंटाडॉल-कॅरिसोप्रोडॉल गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकल्या जात असल्याचं उघड झाल्यावर केंद्राला त्या मिश्रणाची निर्यात थांबवावी लागली. शिवाय बीडचा मजूर जास्त करून घेतो ती डायक्लोफेनॅक-असेक्लोफेनॅकची पट्टी, नाहीतर सुई. ती अफूची नसते, पण उन्हात घामाने निथळून, पुरेसं पाणी न पिता वर ही गोळी घेतली की मूत्रपिंडावर ताण येतो. निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये ऊसतोड मजुरांची मूत्रपिंडं ऐन तारुण्यात निकामी होऊ लागली. तिथे मुख्य संशय उष्णतेवर आहे, आणि अशा गोळ्या त्यात भर घालत असाव्यात असं अभ्यासक मानतात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पहाटे फडात उतरते. वाकून बुडख्याशी ऊस तोडायचा, वाढं छाटायचं, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन गाडीवर चढवायची. मोळी तीस-चाळीस किलोची असते. मजुरी टनावर असते, म्हणजे थांबलं की पैसा गेला. आजारी पडून खाडा झाला तर पाचशे रुपयांपासून दंड. उचल फिटेपर्यंत सुटका नाही. अशा बाईला श्वासावर लक्ष ठेवायला शिकवणं म्हणजे पिळवणूक सोसायला शिकवणं नव्हे काय? तसं होऊ शकतं. एखाद्या कारखान्याने गाळप हंगामात मनःशांतीचं शिबिर भरवून शौचालयं बांधायचं टाळलं तर त्याला उपचार म्हणू नये. पण उपचाराच्या आतला तर्क नीट पाहिला तर तो मुकादमाच्या बाजूचा नाही. त्याची पहिलीच अट आहे ठरावीक वेळेला विश्रांती, आणि खाड्याच्या दंडाशी तिचा उभा दावा आहे. मजुराला थांबू न देता कामाला जुंपून ठेवते ती सुई आणि ती पट्टी. पाळीच्या चार दिवसांचा अडथळा कायमचा दूर करते ती सुरी. वेदनेची नोंद वेळ, काम, वजन आणि झोप यांच्यासह ठेवली गेली तर कोणत्या कामाने कोणाची कंबर मोडते हे कागदावर येतं, आणि मोळीचं वजन, पाळणाघर, कोपीजवळ पाणी, पगारी सुट्टी या मागण्यांना त्याचा आधार मिळतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवून घेतला गेला, तो संप आणि वाटाघाटींच्या बळावर. दुखण्याबाबत अशी वाटाघाट आजवर झालेली नाही, कारण दुखणं हा प्रत्येकीचा खासगी मामला मानला गेला.

मग हे करणार कोण? मानसतज्ज्ञ तालुक्याला मिळत नाहीत, हे खरंच आहे. पण त्यांची वाट पाहत बसण्याचं कारण नाही. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीच्या ४९२ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या चाचणीत असाच उपचार प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टनी दिला, साधारण सात भेटींत, आणि वर्षानंतरही फायदा टिकून होता. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ४९५ नैराश्यग्रस्तांपैकी निम्म्यांना संगाथ संस्थेने तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत उपचार दिला. हे समुपदेशक गावपातळीवरचे होते, त्यांच्याकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती. तरी या गटातले ६४ टक्के रुग्ण बरे झाले. नुसत्या नेहमीच्या उपचारांवर ३९ टक्के. नैराश्य आणि जुनाट दुखणं एकच नाहीत, पण उपचाराची हत्यारं पुष्कळ सारखी आहेत आणि दोन्ही सहसा जोडीने येतात. बीडला तर घडीही बसलेली आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ साली राज्याने सुरू केलेल्या प्रेरणा प्रकल्पात आशा कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन मनाच्या तक्रारी विचारलेल्या आहेत. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मानसोपचार, अस्थिरोग, स्त्रीरोग आणि भूल हे चारही विभाग एका आवारात बसतात. त्यांनी आठवड्यातला एक दिवस वेदना-ओपीडी म्हणून एकत्र बसावं, आणि जून ते सप्टेंबर, म्हणजे टोळ्या गावी असतात त्या महिन्यांत, आशा आणि फिजिओथेरपिस्ट यांनी गावात आठ आठवड्यांचे गट चालवावेत. खर्च मोठा नाही. पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घेण्याचं बंधन बीडमध्ये २०१९ साली आलं, आणि अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना दिला. चुकीची वाट बंद करायला हे ठीक आहे. पण परवानगी नाकारलेल्या बाईची कंबर त्या नकाराने थांबत नाही. तिला दुसरं काय द्यायचं हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं, आणि काही न देता परत पाठवलेली बाई दुसरा जिल्हा गाठते.

ज्या घरात ट्रॅमाडॉल किंवा टॅपेंटाडॉल महिनोन्‌महिने चालू आहे तिथल्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे वाचून गोळी एकदम बंद करू नका. अचानक थांबवल्यास घाम, जुलाब, अस्वस्थता, झोप उडणं आणि दुखण्याचा भडका असा त्रास होतो. कुणी टोकाचा विचारही करू शकतं. डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवड्या-महिन्यांच्या हिशेबाने उतरवतात. जवळ कुणी ऐकून घेणारं नसेल तर टेलि-मानस ही केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं, आणि क्रमांक आहे १४४१६.